तुमचं हेस्कॉमचं बिल किती येतं?

मास्तरांची खिडकी : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्यात अकरा पत्रं आली. त्यातली सात एकाच विषयाची निघाली: सरकारचे पैसे कुणाला मिळतात, कुणाला मिळत नाहीत आणि कुणाला मिळू नयेत. त्यातली चार इथं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात ३१ वर्षं ब्रँच पोस्टमास्तर होतो. पेन्शनच्या मनिऑर्डरी माझ्या हातून गेल्या. वकिली मी शिकलेलो नाही. जे कळतं ते खिडकीत बसून कळलेलं.

मास्तर, नमस्कार. मी येळ्ळूरचा. उद्यमबागेत एका कारखान्यात सुपरवायझर आहे, पगार हातात ३४ हजार. घरात आम्ही चौघं. रोज सकाळी बसनं येतो. तिकीट काढून मी उभा आणि फुकट प्रवासवाल्या बायका बसलेल्या, असं दोन वर्षांच्या वर चाललंय. गावाकडं दीड एकर भात आहे, लावणीला बायका मिळत नाहीत. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार बायकांना घरबसल्या येतात, मग चिखलात कोण उतरणार? आमच्याच गल्लीत दोन मजली घर, दारात कार, आणि कार्ड बीपीएल. आम्ही टॅक्स भरायचा आणि ह्यांनी बसून खायचं. हे फुकटे पोसणं कधी बंद होणार?

दादा, पत्र तीनदा वाचलं. चिडून लिहिलंय, पण खोटं काही लिहिलेलं नाही. म्हणून मीही आडपडदा न ठेवता विचारतो. तुमचं हेस्कॉमचं बिल किती येतं?

हेस्कॉम म्हणजे आपली वीज कंपनी. चार माणसांचं घर. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, दोन-तीन पंखे. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटांच्या वर जात नसणार. म्हणजे २०२३ च्या ऑगस्टपासून तुमच्या घरी जो कागद येतो त्याच्या तळाशी शून्य असतं. गृहज्योती म्हणतात ती हीच. २०२२-२३ ची तुमची सरासरी धरायची, वर दहा टक्के, आणि सगळं मिळून २०० युनिटांच्या आत असलं की भरायचं काही नाही. त्याला बीपीएल कार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. माझंही बिल शून्यच येतं. पण मला किंवा तुम्हाला आजवर कुणी ‘फुकटची वीज जाळतो’ म्हटलंय? आपलं फुकटचं घरातल्या मीटरच्या पेटीत असतं, कुणाला दिसत नाही. बसमधल्या बाईला मात्र आधारकार्ड पुढं करून चारचौघांत शून्याचं तिकीट घ्यावं लागतं.

आता टॅक्सचं. हातात ३४ हजार म्हणजे वर्षाला चार लाख आठ हजार. कापून जातं ते धरलं तरी नव्या पद्धतीत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही. आधी सात लाखांपर्यंत माफ होता, २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत. पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसायकर कापतात, तो मात्र तुम्ही भरता, वर्षाचे अडीच हजारांच्या आत-बाहेर. बाकी तुम्ही जो भरता तो जीएसटी, आणि तो बसमधली बाईही भरते. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी तिच्या अंगाच्या साबणावर १८ टक्के होता, आता ५ आहे. दुकानदार तिला काय, तुम्हाला काय, कार्ड बघून साबण देत नाही.

बसचं म्हणाल तर तुमची अर्धी तक्रार मला मान्य आहे. ११ जून २०२३ ला बायकांच्या फुकट प्रवासाची शक्ती योजना सुरू झाली, गर्दी वाढली, आणि खेड्यांच्या फेऱ्या त्या मानानं वाढल्या नाहीत. हा दोष फेऱ्यांचा आहे. मात्र त्या सकाळच्या बसमध्ये कोण बसतं ते एकदा निरखून बघा. माझ्या शेजारची बाई टिळकवाडीत चार घरची धुणीभांडी करते. आधी जाताना बसनं जायची आणि येताना एका बाजूचं तिकीट वाचवायला चालत यायची, डोक्यावर ऊन घेऊन. आता दोन्ही वेळा बसनं जाते-येते आणि दुपारचं पाचवं घर धरलंय. ती ‘बसून’ आहे ती फक्त बसमध्ये, चाळीस मिनिटं. आणि तिच्या शून्याच्या तिकिटाचा हिशेब महामंडळ सरकारकडं लावतं, म्हणून तर कंडक्टर तेवढ्या निगुतीनं तिकीट फाडतो. डेपो मॅनेजरला पावणेआठच्या जादा फेरीसाठी अर्ज करा. त्यावर त्या बायकांच्याही सह्या घ्या. तुमच्यापेक्षा जास्त उभ्या त्याच असतात.

लावणीला बायका मिळत नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. रोजगार हमी आली, आपल्याकडं जिला उद्योग खात्री म्हणतात, तेव्हाही हेच ऐकलं. म्हणून एक विचारतो, उत्तर मला कळवू नका, घरात बसून द्या. तुम्ही लावणीला बाईला किती देता आणि गड्याला किती देता? उद्योग खात्रीचा कर्नाटकातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३७० रुपये ठरला होता, आणि तो बाईला आणि गड्याला सारखा. गृहलक्ष्मीचे महिन्याचे २००० तीस दिवसांना वाटून बघा, दिवसाला ६७ रुपयेही पडत नाहीत. त्यात हप्ता वेळेवर पडत नाही ही बोंब वेगळी. ६७ रुपयांवर कुणी घरात बसत नाही दादा. पण ६७ रुपये गाठीला असले की कमी मजुरीला ‘नको’ म्हणता येतं. तुमच्या शेतात जे अडलंय ते बहुतेक हे आहे.

‘फुकट दिलं की माणूस आळशी होतो’ हे ज्ञानही काही नवं नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. सर रिचर्ड टेंपल साहेबानं हिशेब मांडला की दुष्काळी कामावरच्या धट्ट्याकट्ट्या गड्याला रोज एक पौंड धान्य आणि वर एक आणा बास झाला, जास्त दिलं तर सरकारवर बोजा पडेल आणि लोक तिथंच मुक्काम ठोकतील. पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. इलाख्यातले हजारो लोक कामं सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडं अर्जांवर अर्ज केले. साहेबाला मात्र उपाशी माणसाच्या आळसाचीच काळजी.

राहिलं ते दोन मजली घर. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूचा. कार्डाचे नियम आहेत: वर्षाचं उत्पन्न १ लाख २० हजारांच्या वर नको, स्वतःच्या वापराची चारचाकी नको. दारातली कार भाड्यानं चालवून पोट भरत असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी खात्रीनं बघा. नसेल तर तालुक्याच्या आहार खात्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पण त्यानंतर काय होतं तेही ऐकून ठेवा, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कार्डं कापायला सुरुवात झाली, राज्यभर ओरडा झाला, मग मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की आयकर भरणारे आणि सरकारी नोकर सोडून बाकीच्यांची कार्डं परत करा. आमच्या गल्लीत तेव्हा दोन कार्डं गेली होती. एक होतं दोन दुकानं भाड्यानं दिलेल्या गृहस्थाचं. तो तिसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन कचेरीत गेला, टेबल बडवलं, ‘गरिबांच्या पोटावर पाय देता’ म्हणून ओरडला. (गरीब हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.) आठवड्यात त्याचं कार्ड जागेवर. दुसरं एका म्हातारीचं. तिचा मुलगा गोव्यात गाडी चालवतो, वेगळा राहतो, पण नाव अजून आईच्या कार्डावर. गाडीच्या कर्जासाठी बँकेनं मागितलं म्हणून त्यानं आयकराचं रिटर्न भरलं होतं. कर एक पैसा नाही, नुसतं रिटर्न. मशीनला तेवढं पुरलं. म्हातारी कुणाकडं गेली नाही. मला कळलं ते दोन महिन्यांनी, तेही शेजारणीकडनं. विचारलं तर म्हणाली, “एवढी वर्षं दिलं की ओ मास्तर. आता नको म्हणत असतील.”

तुम्ही लिहिलेला ‘फुकटे’ हा शब्द त्या दुकानवाल्यानं आयुष्यात शंभरदा ऐकला असेल, जागचा हललेला नाही. हलते ती ही म्हातारी. तिच्या कार्डासाठी मी चार खेपा घातल्या, मुलाचं नाव कमी केलं, तेव्हा तांदूळ सुरू झाला. मध्ये एकदा रेशन दुकानात मशीनवर तिचं बोट उठेना. भांडी घासून, शेण सारवून रेषाच राहिल्या नाहीत बोटाला. दुकानदार म्हणाला, “आज्जी, उद्या या.” ती निघालीही होती परत. मी बरोबर होतो म्हणून दुसरं बोट, तिसरं बोट करत डाव्या हाताच्या करंगळीवर जमलं.

सासूबाई मार्चमध्ये वारल्या. गृहलक्ष्मी त्यांच्या नावावर होती. आता ती मला मिळेल का? त्यांच्या खात्यावर अजून पैसे पडले तर काढायचे का? (एक भगिनी, कडोली)

पडले तर काढू नका, पहिल्यांदा हे. मेलेल्या माणसाच्या नावावरचे पैसे नंतर मागितले जातात आणि तेव्हा ते खर्च झालेले असतात.

योजना घरातल्या यजमानीण बाईची आहे आणि यजमानीण कोण ते रेशनकार्ड ठरवतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कार्डावर घरातली वयानं मोठी बाई प्रमुख असते. सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला घ्या, त्यांचं नाव कमी करून प्रमुख म्हणून तुमचं नाव लावून घ्या, मग ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रात तुमचा नवा अर्ज. तुम्ही किंवा यजमान आयकर किंवा जीएसटी भरत नसला म्हणजे झालं. खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत नीट विचारा. दोन बँकांत खाती असली तर पैसे भलत्याच खात्यात जाऊन पडतात आणि बाया इथं ‘आलं नाही, आलं नाही’ म्हणत बसतात. घरात थोरल्या जाऊबाई असतील तर आधी त्यांच्याशी बोला. २०२३ मध्ये ‘सासूला की सुनेला’ यावरून घराघरांत जे झालं ते मला परत पत्रातून वाचायचं नाही.

माझ्या बायकोचं माहेर चंदगड तालुक्यात. तिकडच्या कार्डावर तिचं नाव अजून आहे. इथं गृहलक्ष्मी आईच्या नावावर आहे, मग बायकोला तिकडून लाडकी बहीण मिळवून दिली तर चूक काय? आपण मनानं महाराष्ट्रातच आहोत ना? (एक वाचक, उचगाव)

मनानं आहोत. रेशननं नाही.

लाडकी बहीण जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांसाठी आहे, महिना १५००. तुमची बायको लग्न करून उचगावला आली, तिचं मत इथं, मुलं इथल्या शाळेत. दोन राज्यांच्या कार्डांवर एक नाव ठेवणं हाच गुन्हा, पैसे नंतरची गोष्ट. सप्टेंबर २०२५ पासून तिकडं ई-केवायसी सुरू झालं, त्यात आधार लावलं की अशी नावं सापडतात. माहेरच्या कार्डावरचं नाव आधी कमी करून घ्या.

८६५ गावांतल्या सीमावासीयांसाठी महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, ती उघड आणि आपल्या नावानं आहे, ती लागत असेल तर जरूर घ्या. पण १९५६ पासूनचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. तो बायकोच्या आधारकार्डावर सोडवायला जाऊ नका.

मास्तर, मी खानापूर तालुक्यातली. तीन वर्षांमागं मालक गेले. पदरात एक मुलगी, सातवीत. दिराच्या घरात राहते, काजूच्या हंगामात कामाला जाते. विधवा पेन्शन मिळते असं ऐकलं. पण दीर म्हणतात, आपल्या घराण्यात सरकारचं कुणी खाल्लं नाही, लोक काय म्हणतील. मला ते पैसे घ्यायला पाहिजेत, पण लाजही वाटते. काय करू?

ताई, दिरांच्या नावावर जमीन असेल. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, त्यांच्या खात्यावर येतात का ते हळूच बघा. आले असतील तर घराण्यानं सरकारचं खाल्लेलं आहे, फक्त तुमच्यापर्यंत वाढलेलं नाही.

लाजेचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्या लाजेत माझाही थोडा वाटा आहे. २००७ मध्ये संध्या सुरक्षा योजना सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्यांना महिन्याला ४०० रुपये यायचे. आमच्या गावात एक आज्जी होती, चांगल्या घरची, मुलं विचारत नव्हती. मनिऑर्डर आली की ती पोस्टासमोरच्या चिंचेखाली उभी राहायची. खिडकी रिकामी झाली, रस्त्यावर कुणी नाही असं बघून मग यायची, पदर पार कपाळापर्यंत. पावसातही तशीच उभी. मी एकदा म्हटलं, “आज्जी, आत तरी या.” म्हणाली, “आत आलं की बघतात.”

पुढं तिचे गुडघे गेले आणि पैसे घरपोच जाऊ लागले. पोचवणारा आमच्यातलाच एक. तो चारशेतले वीस काढून घ्यायचा. तिचेच नाही, सगळ्यांचेच. मला ठाऊक होतं. वर्षभर, कदाचित जास्तच, मी बोललो नाही. गावचा माणूस, त्याची बायको आजारी, अशी कारणं मी मलाच सांगत होतो. शेवटी एकदा आज्जीच्या घरी जाऊन विचारलं, किती मिळतात? म्हणाली, तीनशे ऐंशी. बाकीचे वीस? तर म्हणाली, “फुकटच्या पैशाचा हिशेब काय मागायचा, मास्तर?”

त्यानंतर मी वाटप माझ्या हातात घेतलं, चालता येत नव्हतं त्यांच्या घरी संध्याकाळी सायकलनं गेलो. पण आधीचे वीस-वीस कुणाला परत मिळाले नाहीत. मी मागून दिले नाहीत, हे आज इथं पहिल्यांदा लिहितोय.

म्हणून ताई, लाज वाटत असेल तर वाटू दे, अर्ज करा. विधवा पेन्शन २०२१ पासून महिन्याला ८०० आहे, आधी ६०० होती. थोडकी आहे हे मलाही कळतं. मागच्या तीन वर्षांचं काही मिळणार नाही, म्हणून आणखी उशीर नको. तुमच्या भागाच्या नाडकचेरीत, म्हणजे महसूलच्या स्थानिक कचेरीत जायचं. यजमानांच्या मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि फोटो न्यायचे. उत्पन्नाचा दाखला नसेल तर आधी तो नाडकचेरीतच मागा. अर्ज दिला की नंबर घातलेली पोच मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. पुढं तलाठी चौकशीला येईल, मंजुरी तहसीलदारांची. आलेल्या माणसाला चहा द्या, त्यापुढं काही देऊ नका.

अर्ज कन्नडमधून असतो. मुलगी मराठी शाळेत असली तरी सातवीपर्यंत कन्नड वाचायला येतंच, तिला बरोबर न्या, अर्धा दिवस शाळा बुडाली तर बुडू दे. तिच्याकडून एकच गोष्ट दोनदा वाचून घ्या: तुमचं आणि मालकांचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं लिहिलंय का. मराठी आडनाव कन्नडमध्ये जाऊन परत आलं की त्याचं काहीही झालेलं असतं. माझं स्वतःचं तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे, आणि मी तर पोस्टातला. फरक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करून मागा, नाहीतर अर्ज वर जाऊन सहा महिन्यांनी त्याच एका अक्षरासाठी खाली येतो.

दिरांना सांगायचं की नाही, ते पोच हातात आल्यावर ठरवा.